शल्यशिक्षणातील ‘लवचीकपणा’ : हिंगोली जिल्ह्याच्या निमित्ताने एक परीक्षण

शल्यविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी अलीकडे जी चर्चा चालते, तीत ‘लवचीक’ हे विशेषण वारंवार योजले जाते. विद्यार्थ्याने आपले काम न सोडता, आपल्या गावी राहून, आंतरजालाच्या साहाय्याने तज्ज्ञाची पदवी मिळवावी, असा या विशेषणाचा अभिप्रेत अर्थ आहे. कल्पना आकर्षक आहे. ज्या जिल्ह्यांत शल्यचिकित्सक दुर्मीळ, त्या जिल्ह्यांच्या नावानेच तिचा पुरस्कार केला जातो. यास्तव तिचे परीक्षण अशाच एखाद्या जिल्ह्याच्या भूमीवरून करणे उचित होय. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा या कामी योग्य आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. जागतिक शल्यसेवेविषयी ‘लान्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली जे ध्येय मांडले, त्यात दर लाख लोकसंख्येमागे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ मिळून किमान २० तज्ज्ञ आणि वर्षाकाठी ५,००० शस्त्रक्रिया अपेक्षिल्या आहेत. हिंगोलीपुरता हिशेब केला तर सुमारे २३५ तज्ज्ञ आणि ५९ हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया होतात. हा हिशेब ध्येयाचा आहे, वस्तुस्थितीचा नव्हे. पण त्याच्या शेजारी या प्रदेशाचा शैक्षणिक इतिहास ठेवला म्हणजे अंतराची कल्पना येते. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मधले, नांदेडचे १९८८ मधले. हिंगोलीस स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२४ साली, आणि तेही प्रथम एम.बी.बी.एस.च्या वर्गापुरते. तोपर्यंत या जिल्ह्यातील ज्याला वैद्यकी शिकावयाची, त्याने जिल्हा सोडावयाचा, हाच क्रम होता. शल्यचिकित्सक होऊ इच्छिणाऱ्यास तर तो दोनदा सोडावा लागे. सेनगाव तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याचा अंतर्गळ मध्यरात्री अडकतो, तेव्हा या इतिहासाचा परिणाम त्याच्या आतड्यापर्यंत येऊन पोचतो.

आता या नव्या पद्धतीचा नमुना म्हणून ज्याचा उल्लेख नेहमी होतो, तो एडिंबरोचा शिक्षणक्रम पाहावा. तेथील विद्यापीठाने आणि तेथील रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेने मिळून २००७ साली शल्यशास्त्रातील एम.एस्सी. हा आंतरजालीय अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०११ पासून सर्वसाधारण शल्यचिकित्सेत ‘मास्टर ऑफ सर्जरी’ ही वरच्या पायरीची पदवी ठेवली. अर्धवेळ, दोन वर्षांची. रुग्णांची प्रकरणे, त्यांवरील लेखी चर्चा, संशोधनाचे मूल्यमापन, शिक्षकांचे अभिप्राय हे सर्व दूर राहून. हा शिक्षणक्रम यशस्वी झाला, आणि त्याचे यश खरे आहे. मात्र ते कोणत्या पायावर उभे आहे याकडे पुरस्कर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याचा विद्यार्थी दिवसभर कोठल्यातरी रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेत असतो. त्याच्यासमोर टेबल असते, टेबलाच्या पलीकडे ज्येष्ठ शल्यचिकित्सक उभा असतो. रात्री घरी येऊन तो जे शिकतो ते दिवसाच्या कामाला पूरक म्हणून. एडिंबरोचा लवचीकपणा हा वेळेचा लवचीकपणा आहे. शस्त्रक्रियागृहाची जागा त्याने हलविलेली नाही, आणि हलविल्याचा दावाही केलेला नाही. दोष असलाच तर तो मूळ योजनेचा नसून, तिच्यातून हे गृहीतक गाळून उरलेले हिंगोलीला लावू पाहणाऱ्यांचा आहे. कारण हिंगोलीत उणीव आहे ती नेमकी गाळलेल्या भागाची.

हाताचे शिक्षण रुग्णापासून दूर देता येतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘योग्या’ या नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर. भेदनाचा चिखलपाण्याने भरलेल्या कातड्याच्या पिशव्यांवर. शिवणकामाचा वस्त्राच्या व मऊ चामड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधण्याचा माणसाच्या पुतळ्यावर, अशी त्याची तपशीलवार व्यवस्था आहे. आजचे अनुकरणयंत्र हे त्या भोपळ्याचेच वंशज होय. २००२ साली येल विद्यापीठातील एका प्रयोगात १६ निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना आभासी यंत्रावर तयार करण्यात आले, आणि प्रत्यक्ष रुग्णाचे पित्ताशय दुर्बिणीतून सोडविताना हा गट २९ टक्के वेगवान ठरला. दुसऱ्या गटाकडून पित्ताशयास इजा होण्याचा किंवा भलतीच ऊती भाजण्याचा संभव पाचपट दिसला. प्रयोग लहान असला तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. पण येथेही एक गोष्ट विसरता कामा नये. यंत्रावर तयार झालेला तो विद्यार्थी त्यानंतर शस्त्रक्रियागृहात गेला, आणि तेथे त्याच्याजवळ कोणीतरी होते. भोपळा कापून झाल्यावर सुश्रुताचा शिष्यही गुरूकडेच परत येत असे.

याहून अधिक विचार करावयास लावणारे संशोधन २०१३ चे आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या २० शल्यचिकित्सकांनी स्थूलत्वावरील शस्त्रक्रियेच्या आपल्या चित्रफिती दिल्या. त्यांचे नाव न कळता इतर शल्यचिकित्सकांनी त्या पाहून हस्तकौशल्याला गुण दिले. सर्वांत कमी गुणांच्या चतुर्थांशात गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के निघाले, तर सर्वांत वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के. हात दुरून शिकविता येत नसला तरी दुरून पारखता येतो, एवढे यावरून निष्पन्न होते. दूरस्थ शल्यशिक्षणाच्या वादात दोन्ही पक्षांनी हा फरक ध्यानात घेतलेला दिसत नाही. चुकत असलेल्या हाताला त्याच क्षणी थांबविणे ही एक गोष्ट आणि तो हात कोठे चुकला हे दुसऱ्या दिवशी दाखविणे ही दुसरी. पहिलीला माणूस जवळ हवा. दुसरीला चित्रफीत पुरते. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसून स्ट्रासबूर्गमधील रुग्णाचे पित्ताशय काढण्यात आले, त्याचा दाखला येथे हटकून दिला जातो. परंतु त्या प्रसंगी दूर होता तो निष्णात शल्यचिकित्सक, शिकाऊ नव्हे. शिक्षणाच्या प्रश्नाशी त्या पराक्रमाचा संबंध वाटतो तितका निकट नाही.

आपल्याकडील नियमांकडे वळले असता तेथे उलट टोकाचा गोंधळ आढळतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी वैद्यकाचे अभ्यासक्रम दूरस्थ व आंतरजालीय पद्धतीने चालविण्यास मनाई केली. त्याच वर्षी पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या विनियमांत दुरुस्ती होऊन प्रत्येक निवासी विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेत असे ठरले. एकीकडे शिक्षणाने महाविद्यालयाच्या भिंतीबाहेर पडू नये, दुसरीकडे विद्यार्थ्याने बाहेर पडलेच पाहिजे! शिवाय संशोधनपद्धतीचा जो अभ्यासक्रम याच विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे, तो चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेमार्फत आंतरजालावरच पूर्ण करावयाचा असतो. म्हणजे कोणता भाग तारेवरून जाऊ शकतो व कोणता जाऊ शकत नाही हा विवेक नियमकर्त्यांना अज्ञात नाही. तो पदवीच्या व्याख्येत मात्र उतरलेला नाही. संपूर्ण मनाईचा हेतू योग्य आहे, कारण पत्राने मिळालेल्या शल्यपदवीचा धोका रुग्णाला आहे. परंतु मनाई ज्या भागाला लागू व्हावयास हवी होती त्याहून पुष्कळ मोठ्या भागाला ती लागू झाली आहे.

राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्येच जिल्हा रुग्णालयांसाठी दोन वर्षांच्या पदविका उघडल्या. आरंभी त्या आठ विषयांत होत्या : भूलशास्त्र, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा, क्षकिरण, क्षयरोग व उरोरोग, आणि कुटुंबवैद्यक. सर्वसाधारण शल्यचिकित्सा या यादीत नव्हती. हे वगळणे पुष्कळांना खटकले. वस्तुतः ते प्रांजळपणाचे होते. भूलतज्ज्ञावाचून शल्यचिकित्सक निरुपयोगी, हा क्रम तीत पाळला गेला. आणि शल्यचिकित्सा शिकविण्यास लागणारे शिक्षकबळ जिल्ह्यांत नाही, याची न बोललेली कबुलीही तीत होती.

ते बळ निर्माण करण्याचा एक मार्ग २०२५ च्या अध्यापकपात्रता विनियमांनी दाखविला. किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेल्या पदव्युत्तर तज्ज्ञास आता सहयोगी प्राध्यापक होता येते. नव्या महाविद्यालयांच्या जिल्ह्यांना हा विनियम फार महत्त्वाचा ठरावा. ज्याने दहा वर्षे रात्री-अपरात्री फुटलेली आतडी शिवली, त्याच्यापाशी शिकविण्याजोगे काही नाही असे कोण म्हणेल? (जिल्हा रुग्णालयाच्या प्रमुखास आपण अद्याप ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ म्हणतो, त्या पदावरील व्यक्तीच्या हाती शस्त्रापेक्षा दाखले व देयकेच अधिक येतात, ही गोष्ट निराळी.) पण करता येणे आणि करविता येणे यांत अंतर आहे. शिकाऊच्या हाती शस्त्र केव्हा द्यावयाचे, किती वेळ राहू द्यावयाचे, केव्हा शांतपणे परत घ्यावयाचे, ही विद्या अनुभवाने आपोआप येत नाही. मोठ्या महाविद्यालयात ती वरिष्ठांकडे पाहून उचलली जाते; जिल्ह्यात वरिष्ठच नसतो.

एडिंबरोच्या पद्धतीचा हिंगोलीतील खरा विद्यार्थी येथे सापडतो. तो शल्यचिकित्सक होऊ पाहणारा तरुण नसून, शिक्षक होऊ घातलेला शल्यचिकित्सक आहे. टेबल त्याच्यापाशी आहे, रुग्ण आहेत, हात तयार आहे. त्याला जिल्हा सोडता येत नाही, कारण त्याने तो सोडला तर त्या महिन्यातील अडकलेले अंतर्गळ नांदेडच्या वाटेला लागतात. प्रकरणांची चर्चा, नवे संशोधन, आपल्या व आपल्या विद्यार्थ्याच्या शस्त्रक्रियांच्या चित्रफितींचे परस्थ तज्ज्ञांकडून परीक्षण : त्याला हवे ते सर्व दुरून येऊ शकणारे आहे, आणि त्याच्याजवळ उभा राहणारा विद्यार्थी त्यानंतर दुरून शिकत नाही. यासाठी नवी पदवी लागणार नाही, म्हणून मनाईचा प्रश्नही उद्भवणार नाही. लागेल ती रुग्णाची चित्रीकरणास लेखी संमती, ती फीत कोणी व किती काळ जपावयाची याचा नियम, आणि आठवड्यातील एक दुपार शल्यचिकित्सकास दाखल्यांपासून व बाह्यरुग्ण विभागापासून मोकळी मिळण्याची व्यवस्था. यांपैकी शेवटची सर्वांत अवघड असून, तिच्याविषयी वर उल्लेखिलेल्या विनियमांत एकही कलम नाही.