‘मदर ३’चे इंग्रजी भाषांतर

शिगेसातो इतोई यांची संहिता असलेला ‘मदर ३’ हा व्हिडिओ गेम २००६ साली जपानात निघाला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती मात्र अद्यापि निघालेली नाही. २००८ साली क्लाइड मँडेलिन प्रभृती चाहत्यांनी ती उणीव विनामोबदला भरून काढली. असल्या उत्साहास पोरखेळ म्हणण्याचा विद्वानांत प्रघात आहे. परंतु लांबट इंग्रजी वाक्ये बसविण्यासाठी या मंडळींनी मूळ आज्ञावलीतच फेरफार केले. ‘तात्सुमाइरी’ हे गाव ‘टॅझमिली’ झाले. स्वर गळाले, तरी ध्वनीचा माग राहिला. मँडेलिन हे व्यवसायाने भाषांतरकार. तेव्हा ‘हौशी’ हे विशेषण मोबदल्यापुरतेच खरे. आपल्या निर्णयांची कारणे देणारी टिपणेही त्यांनी प्रसिद्ध केली. (आपले किती भाषांतरकार एवढे करतात?) एम. ए.च्या प्रबंधिकेस हा विषय नाकारण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.