खांद्याची चाचणी कितपत खरी?

अंधेरी-मुलुंडच्या तरणतलावांवर पोहणारी, बोरिवलीच्या मैदानांवर गोलंदाजी करणारी मुले खांदा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर हात ठरावीक रीतीने वळवून, दाबून पाहतात. दुखले की चाचणी 'पॉझिटिव्ह'! पालक आणि प्रशिक्षक अनेकदा यालाच निदान समजतात. आमचा आक्षेप या समजुतीला आहे.

खांदा हा उखळीचा सांधा. त्याची उखळ उथळ असते. काठावरची लवचिक कड तिला खोली देते. ही कड फाटली का, हे ओळखण्यासाठी ओब्रायन व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये एक चाचणी मांडली. हात समोर खांद्याच्या उंचीवर धरून किंचित आत घ्यायचा, अंगठा जमिनीकडे वळवायचा आणि तपासणाऱ्याने तो खाली दाबायचा. खांद्यात आत दुखले आणि तळवा वर केल्यावर तेच दुखणे कमी झाले, तर कड फाटल्याचा संशय. कड फाटलेल्यांपैकी 100 टक्के आणि न फाटलेल्यांपैकी 98.5 टक्के लोक चाचणी बरोबर ओळखते, असा दावा होता. 2002 मध्ये मॅकफार्लंड व सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जे दिसले त्याच्याशी ती ताडून पाहिली. आकडे निघाले 47 आणि 55.

याचा अर्थ काय? खांदा दुखणाऱ्या 100 खेळाडूंपैकी 20 जणांची कड फाटली आहे असे समजू. त्यांपैकी सुमारे 9 सापडतील, 11 निसटतील. उरलेल्या 80 पैकी 36 जणांनाही चाचणी फाटल्याचे सांगेल. एकूण 'पॉझिटिव्ह' 45, त्यांत खरे 9. चाचणीपूर्वी पाचांत एक, चाचणीनंतरही पाचांत एक!

म्हणून चाचण्या टाकून द्याव्यात असे नाही. हात विशिष्ट स्थितीत नेताना खांदा निखळेल अशी भीती वाटते का, हे पाहणारी चाचणी अस्थिर खांद्यासाठी बरीच उपयोगी ठरते. मार्च 2021 मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे चेंडू अडवताना मुंबईकर श्रेयस अय्यरचा डावा खांदा अंशतः निखळला, तेव्हाही पुढे स्कॅन करावे लागलेच. स्कॅनही अंतिम शब्द नव्हे. न दुखणाऱ्या खांद्यांतही त्यात फाटलेले दिसू शकते. दुखापत कशी झाली, तपासणीत काय आढळले आणि स्कॅनमध्ये काय दिसले, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

चुकीच्या निदानाची किंमत म्हणजे मुलाचा वाया गेलेला हंगाम, क्वचित अनावश्यक शस्त्रक्रियाही. शिक्षकांनी वरील उदाहरण 20 ऐवजी 5 किंवा 50 घेऊन वर्गात सोडवून घ्यावे.