पाठपुरावा नेमका कशासाठी? अंडाशयाच्या कर्करोगाची एक चाचणी

अंडाशयाच्या कर्करोगावरील उपचार संपले की दर तीन महिन्यांनी रक्तातील सीए-१२५ मोजायचे, हा पाठपुराव्याचा रूढ क्रम. रोग उलटल्याचे लवकर कळले तर आयुष्य वाढते, हे त्यामागचे गृहीतक. रस्टिन आणि सहकाऱ्यांची २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेली चाचणी नेमके तेच तपासते. ५२९ स्त्रियांपैकी एका गटाला सीए-१२५ वाढताच केमोथेरपी दिली, दुसऱ्याला रोगाची लक्षणे किंवा चिन्हे दिसल्यावर. पहिल्या गटाचे उपचार सुमारे पाच महिने आधी सुरू झाले. तरी जगण्याचा मध्यक कालावधी २५.७ आणि २७.१ महिने, म्हणजे लक्षणीय फरक नाही. उलट पहिल्या गटाचे जीवनमान लवकर खालावले.

म्हणून तपासणीच नको, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. पार्प-अवरोधके तेव्हा वापरात नव्हती. रोग उलटल्यावरची शस्त्रक्रिया हा या चाचणीचा प्रश्नच नव्हता. खरी उणीव भेटीच्या स्वरूपात आहे. आकडा पाहून संपणाऱ्या भेटीत हातापायांची बधिरता, थकवा, संभोगातील वेदना यांची विचारपूस होत नाही. (पाठ्यपुस्तकेही हे ‘जीवनमान’ या एका शब्दात उरकतात.) रक्ततपासणीची चिठ्ठी लिहिण्याआधी, हा आकडा तुम्हाला कळायला हवा आहे का, एवढे तरी रुग्णाला विचारावे.