तिकीट आणि दलाल

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’ या इंग्रज वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. २,५०० ते ३५,००० रुपयांची मूळ तिकिटे. दलालांनी त्यांचे दर लाखांच्या घरात नेले. याविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम, हा निर्णयाचा आशय. तो रास्तच. तथापि तिकीट म्हणजे धान्याचे पोते नव्हे. ती आसनावर बसण्याची अनुज्ञा होय. देवळाच्या सभामंडपात विनामूल्य कीर्तन ऐकत वाढलेल्या आपणांसही कलावंताचे मानधन मान्य आहे. परंतु दलालाने उकळलेल्या वाढाव्यातील दमडीही कलावंतास मिळत नाही. मग श्रोत्याची ही लूट विधिमंडळाने थांबवावयास नको काय?