अनुभव कोणाचा, प्रमाणपत्र कोणाला?

१

शिक्षण अनुभवातून झाले पाहिजे, हे विधान आज इतके सर्वमान्य झाले आहे की त्याला विरोध करणारा शिक्षणतज्ज्ञ शोधूनही सापडणार नाही. महागड्या शाळांच्या माहितीपत्रकांत ते आहे, शासनाच्या धोरणात ते आहे, आम्हां प्राध्यापकांच्या उजळणी वर्गांतील भाषणांतही ते आहे. सर्वांना एकाच वेळी मान्य होणाऱ्या विधानाकडे आपण जरा संशयाने पाहिले पाहिजे. 'अनुभव' हा शब्द आपल्या चळवळीचा आणि साहित्याचा मूलाधार आहे. दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला जे दिले, ते अनुभवाच्या बळावर दिले. हाच शब्द शाळेच्या वेळापत्रकात येऊन बसतो, तेव्हा तो अनुभव कोणाचा, कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने, हे विचारणे आपले कर्तव्य ठरते.

या विचाराचे एक अत्यंत सुसंघटित रूप 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' या संस्थेच्या पदविका अभ्यासक्रमात पाहावयास मिळते. ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झाली. तिचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम साधारणपणे आपल्या अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी असून मुंबई-पुण्याकडील काही शाळांतूनही तो चालतो. त्यात सहा विषयांच्या जोडीला एक अनिवार्य भाग आहे : सर्जन, कृती आणि सेवा. विद्यार्थ्याने किमान अठरा महिने सातत्याने काही कलानिर्मिती करावी, खेळ वा गिर्यारोहणासारख्या उपक्रमांतून शरीर राबवावे आणि समाजात जाऊन विनामोबदला काम करावे, अशी अपेक्षा असते. याला गुण नाहीत. परंतु हा भाग पुरा केल्याशिवाय पदविका मिळत नाही. शिवाय नुसते काम करून भागत नाही. त्या कामातून आपण काय शिकलो, याचे चिंतन विद्यार्थ्याला मांडावे लागते.

हा विचार टाकाऊ नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. त्याच्या मागे कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची प्रेरणा आहे. हिटलरला उघड विरोध केल्याबद्दल १९३३ मध्ये हान यांना तुरुंगात जावे लागले आणि पुढे देश सोडावा लागला. त्यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज सुरू झाले. तेथील विद्यार्थी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचविण्याच्या पथकात काम करीत. माणूस खरोखर बुडत होता आणि त्याला वाचविताना मुलाचा कस खरोखर लागत होता. गरज खरी आणि जबाबदारीही खरी, हे त्या सेवेचे बळ होते. पाठांतर आणि परीक्षा यांत पिचलेल्या आपल्या शाळांनी यापासून शिकण्यासारखे बरेच आहे.

२

परंतु प्रश्न पुढेच आहे. चांगल्या घरातला एखादा मुलगा शनिवारी दोन तास झोपडपट्टीत येतो, मुलांना इंग्रजी अक्षरे शिकवतो आणि घरी जाऊन चिंतन लिहितो. त्याच्या दोन तासांना 'अनुभव' म्हणतात. त्याच वस्तीत सोळा वर्षे राहिलेली मुलगी नळावर रांग लावते, धाकट्या भावाला सांभाळते, आईबरोबर चार घरची भांडी घासते आणि रात्री अभ्यास करते. तिच्या सोळा वर्षांना काय म्हणतात? त्याला 'परिस्थिती' म्हणतात. एकाचा अनुभव त्याच्या अर्जाला जोडला जातो आणि परदेशी विद्यापीठाची दारे उघडायला मदत करतो. दुसरीचा अनुभव तिला लपवावा लागतो. येथे दोष त्या मुलाचा नाही. मोजणाऱ्या मापाचा आहे.

हे माप मी लहानपणीच पाहिले. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तशा शाळा गावोगाव होत्या. आठवीत आम्हांला कार्यानुभवाचे तास असत. घोटीव कागद, कात्री, डिंक घरून आणायचा. ज्यांनी आणला ते कागदाची फुले करीत. आम्ही चार-पाच जण आणू शकत नव्हतो. गुरुजी भले गृहस्थ होते, त्यांनी कधी छडी मारली नाही. "तुम्ही मैदान झाडून घ्या, तेही कार्यानुभवच," असे ते म्हणत. ते चार-पाच जण एकाच वस्तीतले होते, हे त्यांच्या लक्षात आले नसावे. आमच्या लक्षात आले होते. वर्षाअखेरीस प्रगतिपुस्तकात फुले करणाऱ्यांना 'अ' श्रेणी मिळाली आणि मैदान झाडणाऱ्यांना 'क'. माझी आई तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाई आणि सुटीच्या दिवशी मीही तिच्याबरोबर जात असे. कांद्याची लागण, पाण्याची पाळी, मजुरीचा हिशेब हे सारे मला येत होते. प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नव्हता.

ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) या आत्मकथनात मुख्याध्यापक एका लहान मुलाच्या हाती पाटीऐवजी झाडू देतो आणि दिवसच्या दिवस शाळा झाडून घेतो. तेथे क्रूरता उघडी आहे. माझ्या गुरुजींजवळ क्रूरता नव्हती, तरीही झाडू शेवटी त्याच हातात आला. व्यवस्थेला दुष्ट माणसांची गरज नसते. भल्या माणसांचे दुर्लक्ष तिला पुरते.

३

श्रमातून शिक्षण ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेपासून हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी एक परंपरा आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला. यांतील हेतूंविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जातीच्या समाजात श्रम हा कधीच नुसता श्रम नसतो. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त दाखविल्याप्रमाणे येथे केवळ श्रमाची विभागणी झालेली नाही, श्रमिकांचीच विभागणी झाली आहे. अशा समाजात 'हाताने काम करा' असे सर्व मुलांना सांगितले तरी प्रत्येकाच्या कानावर ते वेगळे पडते. एकाला ती नवलाई वाटते, दुसऱ्याला ती बापाच्या धंद्याची आठवण वाटते.

मद्रास राज्याचे उदाहरण येथे बोलके आहे. १९५३ मध्ये राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला 'कुलशिक्षण' म्हणून कडाडून विरोध केला. १९५४ मध्ये राजगोपालाचारी पायउतार झाले आणि कामराज यांच्या सरकारने योजना मागे घेतली. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा आणि चांभाराच्या मुलाने रापी धरावी, यालाही कोणी अनुभवातून शिक्षण म्हणू शकतो, हा त्यातला धडा आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याजवळ बसून शिकावे, अशी कल्पना आहे. वाचायला ती छान वाटते. डॉक्टरांचा मुलगा दहा दिवस चाकाजवळ बसला तर त्याचे भलेच होईल. पण कुंभाराच्या मुलाने ते दहा दिवस कोठे बसायचे? त्याला दवाखान्यात, न्यायालयात, वर्तमानपत्राच्या कचेरीत, प्रयोगशाळेत नेऊन बसविण्याची जबाबदारी कोणाची? अनुभवाचा प्रवास केवळ वरून खालीच व्हावयाचा असेल, तर ती सहल आहे.

जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू. आपण त्यांचे किती ऋणी आहोत, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त स्वतः नोंदविले आहे. अनुभवाधिष्ठित शिक्षणाचे सारेच पुरस्कर्ते ड्यूईंचे नाव घेतात; परंतु त्यांनी १९३८ मध्ये मांडलेला एक मुद्दा सोयीस्करपणे विसरला जातो. प्रत्येक अनुभव शिक्षण देतोच असे नाही. काही अनुभव माणसाची पुढची वाढ खुंटवितात, असे ते म्हणतात. मैदान झाडताना मी काय शिकलो? झाडू कसा धरावा हे मला घरीच येत होते. शाळेत मी शिकलो ते एवढेच की माझी जागा वर्गाबाहेर आहे. हे शिक्षण विसरायला मला पुढची दहा वर्षे लागली.

४

आता सेवेविषयी. मी ज्या महाविद्यालयात शिकवितो, तेथे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे आहे. १९६९ या गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. एका शिबिरात आम्ही सकाळी गावाचा मुख्य रस्ता झाडला, फोटो काढले, चहा घेतला. तेव्हा अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, माझी आई हेच काम रोज कंत्राटावर करते. तिचा तीन महिन्यांचा पगार थकलाय. आपण आज झाडलं त्यानं तिचं काय झालं?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यक्रम बदलला. गावात रस्ते कोण झाडते, गटारे कोण उपसते, त्यांना मजुरी किती मिळते, हातमोजे मिळतात का, याची पाहणी मुलांनी केली. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून वाचला. समारोपाच्या दिवशी पाहणीचा तक्ता मुलांनी ग्रामस्थांसमोर मांडला, तेव्हा मंडळी अस्वस्थ झाली. सरपंच म्हणाले, "तुम्ही सेवा करायला आलात की चौकशी करायला?" माझ्या मते त्या शिबिरातला खरा धडा या एका प्रश्नात होता. सेवा जोपर्यंत गप्प असते, तोपर्यंत तिचे स्वागत असते. ती 'का' विचारू लागली की तिचे शिक्षण होते, आणि तेव्हाच ती नकोशी होते.

५

तर मग आपण हे सारे नाकारायचे काय? नाही. नाकारले तर नुकसान आपल्याच मुलांचे होईल.

सर्जन, कृती आणि सेवा या तीन गोष्टी आपल्या वस्तीला परक्या नाहीत. चौदा एप्रिल जवळ आला की पोरे काय करतात ते पाहा. कमानी रंगवितात, फलक लिहितात, गाण्याचा ताफा बसवितात, लेझीम घुमवितात, दारोदार वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवतात, आणि मिरवणुकीत म्हाताऱ्या माणसांना पाणी देतात. पत्रकाचा मजकूर कोणी लिहावा यावर रात्रभर वाद घालतात. भीमराव कर्डकांच्या जलशांनी गावोगावच्या निरक्षर माणसांना राजकारण शिकविले, ते याच मार्गाने. त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तिला अनुभवासाठी कोठे जावे लागले नाही. अनुभव तिच्या घरात होता. शाळेने तिला दिली ती अक्षरे, आणि तुझे म्हणणे लिहिण्यासारखे आहे हा विश्वास.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. आपल्या मुलांजवळ अनुभवाची टंचाई नाही. टंचाई आहे ती अनुभवाकडे थांबून पाहण्याच्या वेळेची, त्यावर बोलण्याच्या जागेची आणि ते ऐकणाऱ्या शिक्षकाची. चिंतनाची वही ही त्या परदेशी अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे आणि ती सर्वांत स्वस्तही आहे. ती आपण घेतली पाहिजे. मात्र याचा अर्थ मुलांच्या मजुरीला 'शिक्षण' असे गोंडस नाव द्यावे, असा कोणी करू नये. मुलाने राबू नये हीच आपली मागणी आहे; परंतु जे राबणे त्याच्या वाट्याला आलेच, त्याची त्याला लाज वाटू नये, त्याचे कारण कळावे.

आणि खेळ व कला? येथे आपण स्वतःलाही तपासले पाहिजे. आमच्या पिढीतले शिकलेले आईबाप मुलाला सहाव्या इयत्तेपासून शिकवणीला घालतात. चित्र काढणारा मुलगा त्यांना वाया गेलेला वाटतो. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या शरीर दुसऱ्यासाठी राबविले, त्यांच्या मुलांना शरीर स्वतःच्या आनंदासाठी वापरता यावे, ही चैन नाही. तो हक्क आहे. त्यासाठी मैदान, वाद्ये, रंग आणि कागद शाळेने, म्हणजे शासनाने, पुरविले पाहिजेत. घोटीव कागद घरून आणावा लागला की फुले कोण करणार आणि मैदान कोण झाडणार, हे आधीच ठरून जाते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एका पंक्तीत जेवत. तेथे श्रमाला अर्थ आला, कारण तो सर्वांच्या वाट्याला होता आणि त्याच्या शेवटी पुस्तक होते. ही कसोटी कोणत्याही उपक्रमाला लावता येईल : झाडू सर्वांच्या हातात फिरतो काय? आणि झाडून झाल्यावर सर्वांच्या हातात वही येते काय?

जे शिक्षक हे वाचत असतील त्यांना एक विनंती आहे. येत्या जयंतीनंतर आपल्या वर्गातील मुलांना त्या आठ-पंधरा दिवसांत त्यांनी काय केले, काय पाहिले, कोठे भांडण झाले आणि का झाले, हे लिहावयास सांगा. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका. आधी वाचा. त्यातून एखादी मुक्ता निघेल की नाही हे सांगता येणार नाही. परंतु एकही वही न वाचता ती निघणार नाही, हे निश्चित.