बाण सुटला, पुढे काय?

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की अमेरिकेतल्या बऱ्याच ऑफिसांतून आणि लॅबमधून एखादा तरी सहकारी दोन-चार दिवस गायब होतो. परत येतो तेव्हा घरचा फ्रीजर हरणाच्या मांसाने भरलेला असतो आणि मोबाइलमध्ये एक व्हिडिओ असतो. तुम्ही शाकाहारी असलात तरी तो तुम्हाला दाखवला जातोच. धनुष्यबाणाच्या शिकारीचे असे हजारो व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना या शिकारीची ओळख तिथेच होते. म्हणून आज या व्हिडिओंकडे एक कथाप्रकार म्हणून बघू या. त्यांना पटकथा आहे, ठरलेली लय आहे आणि एक ठरलेली लपवाछपवीही आहे.

पटकथा साधारण अशी. पहाटेचा अंधार, झाडावरचं मचाण, कुजबुजत्या आवाजातलं निवेदन. दहा मिनिटं काहीच होत नाही, आणि ते छानच असतं, कारण वाट पाहणं खरं वाटतं. मग पांढऱ्या शेपटीचं हरीण झाडीतून बाहेर येतं. धनुष्य ताणलं जातं, बाण सुटतो, तोच क्षण स्लो मोशनमध्ये पुन्हा दिसतो. शिकारी थरथरत कॅमेऱ्याकडे बघून हसतो. मग कट. पुढच्या दृश्यात तो मेलेल्या हरणाशेजारी गुडघे टेकून बसलेला, शिंगं हातात धरून, देवाचे आणि बायकोचे आभार मानतोय.

माझा आक्षेप या कटवर आहे. रक्त दाखवा असा माझा आग्रह नाही. पण बाणाच्या शिकारीचा खरा भाग नेमका त्या दोन दृश्यांच्या मधे असतो, आणि तो काढून टाकला की उरलेली गोष्ट खोटी होते.

बंदुकीची गोळी आणि बाण यांत मूळ फरक आहे. गोळी धक्क्यानेही मारते. बाण मारतो तो रक्तस्रावाने. टोकाला ब्लेडसारखी धारदार पाती असतात, ती आतल्या रक्तवाहिन्या कापतात. दोन्ही फुप्फुसांतून बाण गेला तरी हरीण जागच्या जागी क्वचितच पडतं. ते धावतं, बहुतेकदा शंभर-दीडशे यार्डांच्या आत कोसळतं, पण तोवर दिसेनासं झालेलं असतं. शिवाय बाण सेकंदाला अडीचशे-तीनशे फूट जातो आणि आवाज अकराशे फूट. म्हणजे दोरीचा आवाज हरणाला बाणाच्या आधी ऐकू येतो. ते उडी मारायला खाली दबतं आणि नेम चार-सहा इंचांनी चुकतो. नेम चांगला होता की नाही हा प्रश्न तिथे मागे पडतो. बाण कुठे लागला हे आता शोधून काढायचं असतं.

हे शोधायचं कसं? आधी बाण सापडतो का ते बघायचं. त्यावरचं रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुप्फुस. गडद तांबडं असेल तर बहुधा यकृत, म्हणजे ज्याला आपण कवितेत काळीज म्हणतो आणि खाटकाकडे कलेजी. बाणावर हिरवट-तपकिरी घाण असेल, वास येत असेल, तर पोटात लागलाय. मग घड्याळ बघायचं. फुप्फुसाला लागला असेल तर निदान अर्धा तास थांबायचं, यकृताला चार ते सहा तास आणि पोटाला आठ ते बारा तास. कारण जखमी हरणाला कोणी मागे येतंय असं वाटलं नाही तर ते जवळपासच आडोसा बघून बसतं आणि तिथेच मरतं. घाई करून त्याला उठवलं तर ते मैलभर जातं, रक्त आत साचतं, खाली थेंबही पडत नाही, आणि मग ते मरतं पण कोणालाच सापडत नाही.

नंतर माग काढायचा. शेवटचा थेंब दिसला तिथे टिश्यू पेपरचा तुकडा अडकवायचा, पुढचा थेंब सापडेपर्यंत त्या खुणेच्या पुढे घुसायचं नाही, मागावर पाय द्यायचा नाही, कडेने चालायचं. पानाच्या खालच्या बाजूला बघायचं, गवताच्या पात्यावर गुडघ्याच्या उंचीला बघायचं. तांबडा डाग रक्ताचा की मेपलच्या पानाचाच, असा संशय आला तर हायड्रोजन पेरॉक्साइड शिंपडायचं, रक्त असेल तर फेस येतो. अनेक राज्यांत दोरीला बांधलेला प्रशिक्षित कुत्रा आणायची मुभा आहे. कधी माग दुसऱ्याच्या कुंपणापाशी पोचतो आणि रात्री नऊ वाजता अनोळखी दारावर टकटक करून परवानगी मागावी लागते. आणि कधी एवढं सगळं करूनही हरीण मिळत नाही. मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या तळावर 1989 ते 2006 या काळातल्या बाणाच्या शिकारीचा हिशेब ठेवला गेला. बाण लागलेली 908 हरणं, त्यातली साधारण 18 टक्के शिकाऱ्यांच्या हाती आली नाहीत. त्यांतली सगळीच मेली असं नाही, काही जखमा भरूनही येतात. पण मोबाइलवरच्या व्हिडिओत हे 18 टक्के जवळजवळ कधीच दिसत नाहीत.

तुम्ही म्हणाल, सहा तासांचं थांबणं कोण बघणार? एडिटिंग करावंच लागतं. बरोबर आहे. काही चॅनेल माग काढण्याचा भाग बऱ्यापैकी प्रामाणिकपणे दाखवतात हेही मान्य. पण दहा मिनिटं रिकामं जंगल दाखवायला यांच्याकडे वेळ असतो. तो असतो कारण ती वाट पाहणी शिकाऱ्याला धीराचा माणूस ठरवते. बाणानंतरचं थांबणं त्याला अपराधी, निदान अनिश्चित ठरवतं. एडिटरची कात्री तिथेच चालते. म्हणजे प्रश्न लांबीचा नसून, आपलं कोणतं रूप दाखवायचं याचा आहे.

आल्डो लिओपोल्ड हा अमेरिकन वन्यजीव-अभ्यासक स्वतः धनुष्यबाणाने शिकार करायचा. त्याच्या मृत्यूनंतर 1949 मध्ये आलेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात त्याने एक साधी गोष्ट मांडली आहे. इतर खेळांत प्रेक्षक असतात, शिकाऱ्याला नसतात. त्याने नियम पाळला की मोडला हे बघायला, टाळ्या वाजवायला किंवा हुर्यो करायला कोणी नसतं. म्हणून तिथली नीती ज्याची त्याच्यापाशी. मला हे पटतं, आणि म्हणूनच व्हिडिओंनी काय बदललं ते दिसतं. प्रेक्षक आले, पण ते फक्त बाणाच्या क्षणाला आले. माग काढताना शिकारी अजूनही एकटाच आहे, आणि आता त्या एकटेपणाला किंमतही उरलेली नाही, कारण त्याला व्ह्यूज मिळत नाहीत.

हाच कट मोठ्या सिनेमातही आहे. मायकेल चिमिनोचा ‘द डिअर हंटर’ (1978) आठवा. पेनसिल्व्हेनियातल्या पोलाद कारखान्यातला मायकेल मानतो की हरीण एकाच गोळीत पडलं पाहिजे, दुसरी गोळी म्हणजे अपमान. सिनेमा या कल्पनेवर व्हिएतनामचा सगळा भार टाकतो, आणि तिथे रशियन रुलेटमध्ये ती कल्पना भयंकर होऊन परत येते. सिनेमा म्हणून ते जबरदस्त आहे. पण ‘एकाच गोळीत’ हा आदर्श शुद्धतेचा आहे, जबाबदारीचा नाही. गोळी थोडी चुकली तर काय करायचं, याबद्दल त्यात अक्षर नाही. नायक युद्धानंतर हरणाला सोडून देतो, म्हणजे पुन्हा त्या मधल्या जागेत जाणं टळतंच. मारणं किंवा सोडणं, दोन्ही स्वच्छ. जखमी करणं मात्र गोष्टीत बसत नाही.

मग ते कोणत्या गोष्टीत बसतं? अनपेक्षित उत्तर आहे: ‘बांबी’. डिस्नेचा 1942 चा सिनेमा नव्हे, तर ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स साल्टेनने 1923 मध्ये लिहिलेली मूळ कादंबरी. साल्टेन स्वतः शिकारी होता, आणि ते जाणवतं. कादंबरीत बांबीला गोळी लागते. म्हातारा नर त्याला पडून राहू देत नाही, उठवतो, आणि गोल-गोल, उलटसुलट चालवतो. रक्ताचा माग गुंतागुंतीचा व्हावा आणि मागे येणारा माणूस चकावा म्हणून, रक्त थांबेपर्यंत. म्हणजे टिश्यू पेपरचे तुकडे लावत जाणारा शिकारी जे वाचतो, तेच साल्टेन दुसऱ्या टोकाकडून लिहितो. माग हा इथे मजकूर आहे, हरीण तो खोडायचा प्रयत्न करतंय आणि माणूस तो वाचतोय. सिनेमातही बांबीला गोळी लागते, पण तिथे मागोमाग वणवा येतो, आणि आगीच्या गोंधळात हे सगळं ज्ञान वाहून जातं. डिस्नेमुळे ‘बांबी’ हे हरणांबद्दल हळवं असण्याचं नाव झालं. मूळ पुस्तक हळवं नाही, ते नेमकं आहे. शिकारीच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्ही लोकांनी ते प्रकरण वाचावं.

आता आपल्याकडच्या गोष्टी. ब्रिटनमधल्या वाचकांसाठी सांगतो, तिथे हरणावर बाण चालवणं कायद्याने बंद आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हा विषय गोष्टींतच उरतो. पण आपल्या गोष्टींतला धनुर्धारी काय करतो ते बघा. दशरथ शब्दवेधी बाण सोडतो, माणसाचा विव्हळ आवाज ऐकतो आणि त्या दिशेने चालत जातो. तिथे श्रावणबाळ. दशरथ तिथून पळत नाही, पाणी घेऊन आंधळ्या आईबापांपुढे जातो. जरा नावाचा व्याध झाडीत दिसलेल्या पावलाला हरीण समजून बाण मारतो, शिकार घ्यायला जातो, तिथे कृष्ण. या कथांत नेम नेहमी अचूक असतो, आणि तरीही गोष्ट नेमाची नसतेच. ती पोचल्यावर काय दिसलं याची असते. कट मारायची सोयच नाही. मृग नक्षत्रात बघा, हरणाच्या पोटात बाण रुतलेला आहे, आणि मागे व्याध. नोव्हेंबरच्या रात्री ते पूर्वेला उगवतं तेव्हा अमेरिकेतल्या जंगलांत टॉर्च घेऊन कोणी ना कोणी खाली वाकून चाललेलं असतं.

पण इथेच थांबलो तर आपण आपलीच पाठ थोपटून घेऊ, आणि तेही बरोबर नाही. माग काढण्याचं हे ज्ञान कोणाचं? अमेरिकेतली आधुनिक धनुष्य-शिकार ज्या पुस्तकापासून मोजतात, ते सॅक्सटन पोपचं ‘हंटिंग विथ द बो अँड अॅरो’. तेही 1923 चं. पोप कॅलिफोर्निया विद्यापीठातला सर्जन. त्याला धनुष्य शिकवलं इशीने. इशी हा याही लोकांतला शेवटचा माणूस. त्याचे लोक गोऱ्या वसाहतवाल्यांनी मारून संपवले. 1911 मध्ये ओरोव्हिलजवळ तो एकटा, उपाशी सापडला, मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि 1916 मध्ये क्षयाने गेला. इशी हे त्याचं नावही नव्हे, त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त ‘माणूस’. शिकारीच्या आदल्या दिवशी तो मासे खायचा नाही, तंबाखू ओढायचा नाही, कारण हरणाला वास दुरून येतो. पोप हे प्रेमाने, आदराने लिहितो. पण आज विक्रमी शिंगांची नोंद ठेवणाऱ्या क्लबच्या नावात पोप आहे, त्याचा मित्र यंग आहे, इशी नाही.

आणि आपल्याकडे? पारध हा शब्द ज्यांच्या नावात आहे त्या पारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं. 1952 मध्ये तो शिक्का कायद्यातून पुसला, लोकांच्या नजरेतून नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर त्यांची शिकारही बेकायदा झाली. कायदा हवाच होता, वन्यजीव वाचायलाच हवे होते. पण एकाच कौशल्याला एका देशात एथिक्स म्हणायचं, त्याचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि दुसऱ्या देशात ते कौशल्य असणाऱ्याला पोलिसांनी पहिला संशयित धरायचं, हे विसरून ‘माग’ या शब्दाचं कौतुक करता येणार नाही.

पुढच्या वेळी सहकाऱ्याने फोन पुढे केला तर नाक मुरडू नका, आणि नुसतं ‘वॉव’ही म्हणू नका. त्याला विचारा: बाणावर रक्त कसं होतं? किती वेळ थांबलास? कुठपर्यंत माग मिळाला? चांगला शिकारी असेल तर फोन खिशात घालेल आणि पुढची वीस मिनिटं बोलत राहील, कदाचित न सापडलेल्या एखाद्या हरणाबद्दलही. ती गोष्ट त्या व्हिडिओपेक्षा चांगली असेल. आणि त्याला उत्तर देता आलं नाही, तर तो काय कापून टाकतोय हे तुम्हा दोघांनाही कळेल.