स्लायडर हलवला की गणित कोण करतं?

हल्ली प्रबंधासोबत एखादं ‘इंटरॅक्टिव्ह’ पान जोडायची पद्धत पडली आहे. आर वापरणारे शायनी घेतात, पायथनवाले स्ट्रीमलिट. दोन्ही साधनं चांगली आहेत, तासाभरात पान उभं राहतं. माझा आक्षेप आहे तो विचार न करता ती निवडण्याच्या सवयीवर.

शायनीत नेहमीच्या मांडणीत हिशेब सर्व्हरवर होतो आणि वेबसॉकेटची जोडणी सतत उघडी लागते. स्लायडर हलवला की निरोप तिकडे जातो, आलेख तिथेच काढला जातो आणि चित्र परत येतं. चित्र ४० केबीचं धरा. ५० वेळा स्लायडर हलवला की झाले २ एमबी. जोडणी तुटली तर पान करडं पडतं. विद्यापीठाच्या वायफायवर यातलं काहीच जाणवत नाही. तेच पान चांदूर बाजार ते अमरावती एसटीत मोबाइलवर उघडून बघा.

आता मूळ माहिती किती असते? जिल्ह्याचा १०० वर्षांचा मासिक पाऊस म्हणजे १,२०० आकडे. सीएसव्ही फाइल १० केबीच्या आसपास, म्हणजे सगळी माहिती एका चित्रापेक्षा हलकी! मग माहितीच एकदा पाठवा, आलेख वाचकाच्या फोनला काढू द्या.

अर्थात, इथेही डोळे मिटून चालत नाही. प्लॉटलीची पूर्ण जेएस फाइल ३ एमबीहून मोठी आहे, डी३ची ३०० केबीच्या आत. पायोडाइडमुळे पायथन ब्राउझरमध्येच चालतं, पण आधी कित्येक एमबी उतरवून घ्यावे लागतात.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाची सिम्युलेशन्स (काही मराठीतही आहेत) या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहेत. एचटीएमएल५ची एकच फाइल, एकदा उतरवली की नेटशिवाय चालते.

उलट, उपग्रहाची शेकडो एमबीची चित्रं असतील तर सर्व्हरच बरा. तेवढी माहिती फोनवर ढकलणं चूकच.

म्हणून साधन ठरवण्याआधी क्रोममध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग ३जी करा आणि दोन आकडे लिहून काढा: पान उघडायला किती केबी लागले, आणि नंतर दर क्लिकला किती. वेबसॉकेटचे निरोप वेगळ्या ‘मेसेजेस’ टॅबमध्ये दिसतात, तेही मोजा. हे दोन आकडे प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात यायला हवेत. ज्या तालुक्याचा पाऊस आपण अभ्यासला, तिथल्याच शेतकऱ्याला पान उघडत नसेल, तर तो दोष त्याच्या नेटवर्कवर ढकलून आपली सुटका होत नाही.